इन्फ्लुएन्सरच्या खात्यावरून जाहिरात चालवायची आहे? परवानगीपासून हिशेबापर्यंत सगळं क्रमानं

इन्फ्लुएन्सरला पैसे दिले, रील करून घेतली, ती तिच्या फॉलोअर्सपर्यंत पोचली आणि दोन-तीन दिवसांत थंडावली. इथपर्यंत बरेच छोटे व्यावसायिक येतात आणि इथेच थांबतात. खरं तर त्याच रीलवर पैसे लावून ती तिला न ओळखणाऱ्या लोकांपर्यंतही नेता येते, आणि तीही तुमच्या दुकानाच्या नावानं नाही, तिच्या नावानं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर (दोन्ही ‘मेटा’ कंपनीचे) याला ‘पार्टनरशिप अॅड’ म्हणतात. २०२३ पर्यंत याचंच नाव ‘ब्रँडेड कंटेंट अॅड’ होतं. एजन्सीवाले अजून ‘व्हाइटलिस्टिंग’ म्हणतात. तिन्ही शब्द कानावर पडले तरी गोंधळू नका.

जाहिरातीच्या माथ्यावर क्रिएटरचं (म्हणजे इन्फ्लुएन्सरचं) आणि ब्रँडचं (म्हणजे तुमचं) अशी दोन्ही नावं दिसतात. खर्च ब्रँडच्या अॅड अकाउंटमधून होतो. कोणाला दाखवायची, किती दिवस, कोणत्या बटणासह, हे सगळं ब्रँड ठरवतो. क्रिएटरचा पासवर्ड यात कुठेही लागत नाही. हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच लिहिलं आहे, कारण सगळ्यात मोठी फसवणूक नेमकी तिथे होते.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ: देवगडचा एक बागायतदार घरपोच हापूस विकतो आणि पुण्यातली एक क्रिएटर खाण्यापिण्यावर मराठीत रील करते. माल मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकलाच जातो. हंगाम एप्रिल-मेचा. तुमचा धंदा पैठणीचा असो की मसाल्यांचा, पायऱ्या याच.

आधी हाताशी काय हवं

ब्रँडकडे:
- इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं आणि त्याला जोडलेलं फेसबुक पेज
- मेटाचा बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे जुना बिझनेस मॅनेजर, आणि त्यात स्वतःच्या नावाचं अॅड अकाउंट
- वेबसाइटवर मेटा पिक्सेल (जाहिरातीवरून आलेल्यांनी काय केलं याची नोंद ठेवणारा छोटा कोड), ऑर्डर पूर्ण झाल्याची नोंद तपासलेली
- पॅन आणि असल्यास जीएसटी क्रमांक
- खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी किंवा परवाना क्रमांक

क्रिएटरकडे:
- प्रोफेशनल खातं, क्रिएटर किंवा बिझनेस यांपैकी कोणतंही
- टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सुरक्षा) चालू
- पॅन, बँकेचा तपशील, जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक

अॅड अकाउंट एजन्सीच्या नावाचं नको. एजन्सीला त्यात काम करण्याचा अधिकार द्या, पण मालकी तुमच्याकडे ठेवा. उद्या एजन्सी बदलली तर पिक्सेलनं गोळा केलेली सगळी माहिती आणि जुने निकाल तिच्याकडे राहतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता.

१. बोलणी करताना दोन रकमा वेगळ्या ठेवा

रील तयार करून स्वतःच्या प्रोफाइलवर टाकायची रक्कम ही एक गोष्ट. त्या रीलवर, तिच्या नावानं, जाहिरात चालवायची परवानगी ही दुसरी. नवे ब्रँड दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळतात, मग पंधरा दिवसांनी क्रिएटर विचारते, ‘माझा चेहरा अजून किती दिवस फिरवणार?’ तिचा प्रश्न रास्त आहे. जाहिरात तिच्या नावानं अनोळखी लोकांच्या फोनवर वारंवार दिसणार आहे, आणि त्याच काळात दुसऱ्या आंबेवाल्याचं काम तिला घेता येणार नाही.

करार पानभराचा असला तरी चालतो, ईमेलवर दोघांनी मान्य केला तरी बरा. पण या गोष्टी त्यात शब्दांत हव्यात:

कोणती रील, तिची लिंक. जाहिरात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ‘तीस दिवस’ म्हणायचं असेल तर ते पोस्ट टाकल्यापासून मोजायचे की जाहिरात सुरू झाल्यापासून. फक्त इन्स्टाग्राम की फेसबुकही. भारतातच की दुबई-अमेरिकेतल्या मराठी लोकांनाही. व्हिडिओ कापून छोटा करायची मुभा आहे का, त्यावर नवे शब्द चढवायची मुभा आहे का. जाहिरातीचा मजकूर सुरू होण्याआधी क्रिएटर पाहणार का आणि किती तासांत उत्तर देणार. मूळ व्हिडिओ फाइल, गाणं आणि स्टिकर नसलेली, ब्रँडला मिळणार का. मुदतीआधी पोस्ट काढली तर काय. मुदत वाढवायची झाली तर कोणत्या दरानं.

शेवटचा मुद्दा आधीच ठरवा. जाहिरात चांगली चालत असताना मुदत संपली की बोलणी घाईत होतात, आणि घाईत कोणाचं तरी नुकसान होतंच.

दुसऱ्या ब्रँडचं काम न घेण्याची अट घालायची असेल तर ती नेमकी घाला. ‘खाद्यपदार्थांची कोणतीही जाहिरात नाही’ ही अट खाण्यावर रील करणाऱ्या क्रिएटरचं पोटच बांधते. ‘ताजा आंबा विकणारे इतर विक्रेते, ३१ मेपर्यंत’ एवढंच पुरेसं आहे.

२. रील शूट करतानाच जाहिरातीचा विचार करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, कारण चूक कळते ती रील चढवून झाल्यावर.

गाणं. इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातलं चालू सिनेमातलं गाणं लावलेली रील साधी पोस्ट म्हणून चालते, पण जाहिरात म्हणून चालत नाही. त्या गाण्याचा परवाना व्यावसायिक वापरासाठी नसतो. क्रिएटरनं रिमिक्स करून किंवा स्वतः गुणगुणून लावलं तरी हक्काचा प्रश्न सुटत नाही. उपाय दोनच: तिचा स्वतःचा आवाज, किंवा मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं मोफत संगीत. आंबा कापल्याचा, पेटीतलं गवत सरकल्याचा आवाज संगीतापेक्षा चांगला वाटतो, हेही ध्यानात असू द्या.

जीआयएफ, कॅमेरा फिल्टर, मतदानाचं किंवा प्रश्नाचं स्टिकर. यांतलं काहीही असेल तर रील जाहिरातीसाठी नाकारली जाऊ शकते. अॅपमध्ये एडिट करण्यापेक्षा बाहेरच्या एडिटरमध्ये पूर्ण करून मग चढवणं सुरक्षित.

चौकट. आकार ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. वरून सुमारे १४ टक्के, खालून ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंनी ६ टक्के जागा मोकळी ठेवायची असं मेटाचं सांगणं आहे. पिक्सेलमध्ये वरून साधारण २७०, खालून ६७०, बाजूंना ६५. खालची पट्टी मोठी का, तर नाव, कॅप्शन आणि ‘आत्ताच खरेदी करा’चं बटण तिथे येतं. ‘डझन १,२०० रुपये, घरपोच’ हे अक्षर तळाला लिहिलं तर साध्या रीलमध्ये कदाचित दिसेल, पण जाहिरातीत बटणाखाली जाईल.

सुरुवात. फॉलोअर तिला ओळखतो, म्हणून ‘हॅलो मंडळी, कसे आहात’ ऐकून घेतो. अनोळखी माणूस घेत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत आंबा, चिरलेली फोड किंवा प्रश्न यायला हवा. क्रिएटरला संहिता शब्दशः लिहून देऊ नका, तिच्या बोलण्याची लय हीच तुम्ही विकत घेता आहात. फक्त चार गोष्टी द्या: काय विकतो, कुठे पोचवतो, किंमत, आणि काय बोलायचं नाही.

काय बोलायचं नाही याची यादी लेखी द्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यामुळे बाहेरचा आंबा मिसळून ‘देवगड हापूस’ म्हणणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक तर आहेच, कायद्याचाही प्रश्न आहे. ‘सेंद्रिय’ म्हणायचं तर प्रमाणपत्र हवं. ‘कार्बाइड न वापरलेला’ हे तर मुळात बंधनच आहे, कारण कॅल्शियम कार्बाइडनं पिकवलेली फळं विकायला देशात बंदी आहे. ‘मधुमेहींना बिनधास्त चालतो’, ‘साखर कमी होते’ असलं वाक्य रीलमध्ये अजिबात नको. मधुमेह बरा करण्याचा दावा १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांवरच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात सरळ अडकतो.

३. ‘ही जाहिरात आहे’ हे कुठे आणि किती वेळ लिहायचं

जाहिरात मानकं ठरवणाऱ्या ‘अॅस्की’ या संस्थेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ची, आणि सेलिब्रिटी व इन्फ्लुएन्सरसाठीची पुस्तिका जानेवारी २०२३ची. दोन्हींचं सार असं आहे.

लेबल सोप्या शब्दांत: ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘सशुल्क भागीदारी’. ज्या भाषेत रील, त्याच भाषेत लेबल. मराठी रीलला मराठी लेबल लावा. कॅप्शनमध्ये ते पहिल्या दोन ओळींत हवं, ‘आणखी पाहा’च्या मागे किंवा वीस हॅशटॅगच्या गर्दीत नाही. व्हिडिओत अॅस्कीचं मोजमाप असं: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग. २ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मालाविषयी बोलणं चालू असेल तोवर. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये किमान १५ सेकंद. आमचं मत विचाराल तर छोट्या रीलमध्ये पूर्ण वेळ ठेवा, कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरात. सरकारी पुस्तिकेप्रमाणे व्हिडिओत हे दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे, म्हणून ‘ही रील अमुक बागेसोबतच्या सशुल्क भागीदारीतून केली आहे’ हे एक वाक्य बोलून घ्या.

इन्स्टाग्रामचं स्वतःचं ‘पेड पार्टनरशिप’ लेबल लावायचंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. रील कोणी डाउनलोड करून पुढे पाठवली तर ते लेबल मागे राहतं, व्हिडिओत कोरलेलं सोबत जातं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्या व्यक्तीवर एक वर्षापर्यंत, पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशीची बंदीही येऊ शकते. क्रिएटरला हे सांगा. तिनं माल स्वतः खाऊन, तपासून बोलावं ही अपेक्षा कायद्यात आहे, म्हणून पेटी शूटच्या किमान आठवडाभर आधी पोचवा. कच्चा आंबा पाठवला तर पिकायला तेवढे दिवस लागतातच.

४. परवानगी: तीन दरवाजे, प्रत्येकाची चावी वेगळी

ही पायरी सावकाश वाचा.

पहिला मार्ग: पोस्ट टाकताना परवानगी. क्रिएटर रील चढवताना ‘पेड पार्टनरशिप’ लेबल चालू करते, तुमचं खातं ब्रँड म्हणून निवडते आणि त्याच पडद्यावरचं, ब्रँडला जाहिरात करू देण्याचं बटण चालू करते. हे बटण वेगळं असतं. नुसतं लेबल लावलं आणि बटण राहिलं, तर तुमच्या अॅड्स मॅनेजरमध्ये (मेटाचं जाहिराती बांधायचं साधन) पोस्ट दिसत नाही आणि दोन्हीकडे ‘आम्ही तर केलं’ असं सुरू होतं.

दुसरा मार्ग: अॅड कोड. पोस्ट आधीच टाकलेली असेल तर हा सोपा. क्रिएटर त्या पोस्टच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत जाते, पार्टनरशिप लेबल आणि अॅडच्या पर्यायातून कोड तयार करते आणि तुम्हाला पाठवते. तुम्ही तो अॅड्स मॅनेजरमध्ये भरता. कोड त्या एकाच पोस्टपुरता चालतो. अॅपच्या आवृत्तीनुसार मेनूतले शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण पर्याय तीन ठिपक्यांमागेच असतो.

तिसरा मार्ग: खात्याच्या पातळीवरची परवानगी. तुम्ही मेटाकडून विनंती पाठवता, क्रिएटर इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये ती मंजूर करते. यानंतर तिच्या नावानं तुम्ही नवीन जाहिरात स्वतः बांधू शकता, जी तिच्या प्रोफाइलवर दिसतच नाही. एकाच मूळ फाइलमधून चार वेगवेगळ्या सुरुवाती तपासून पाहायच्या असतील तर हे सोयीचं आहे. पण क्रिएटरच्या बाजूनं पाहिलं तर ही कोरी सही आहे. म्हणून पहिल्यांदा एकत्र काम करताना पहिला किंवा दुसरा मार्ग घ्या. तिसरा हवाच असेल तर ‘प्रत्येक जाहिरात सुरू होण्याआधी तिचा प्रिव्ह्यू क्रिएटरला पाठवायचा’ ही अट करारात असलीच पाहिजे.

आता क्रिएटर मंडळींसाठी, विशेषतः नुकतीच पहिली ऑफर आलेल्यांसाठी. ‘ब्रँड’ म्हणवणारा कोणी कोड मागतो तेव्हा नेमका कोणता कोड, हे नीट बघा. पार्टनरशिप अॅड कोड तुम्ही स्वतः, तुमच्या पोस्टच्या मेनूतून तयार करता. तुमच्या फोनवर एसएमएस किंवा ईमेलनं आपोआप आलेला आकडा हा लॉगिनचा ओटीपी असतो. तो दिला की खातं गेलं. ‘मेटा व्हेरिफिकेशनसाठी या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज आला तरी तेच. खरी विनंती इन्स्टाग्राम अॅपच्या आतच दिसते, बाहेरच्या लिंकवर नाही. पासवर्ड मागणाऱ्या एजन्सीला नाही म्हणा, मग ती कितीही ओळखीची असो.

परवानगी तुटण्याची नेहमीची कारणं: क्रिएटरनं पोस्ट आर्काइव्ह केली. खातं परत पर्सनल केलं. ब्रँडचा टॅग काढला. कॅप्शन सुधारायला म्हणून पोस्ट उडवून नव्यानं टाकली. या सगळ्यांत जाहिरात बंद पडते, आणि नव्या पोस्टचे लाइक आणि कमेंट शून्यापासून सुरू होतात. कॅप्शनमधलं शुद्धलेखन, किंमत, तारीख सगळं आधी दोघांनी तपासून मगच पोस्ट टाका.

५. अॅड्स मॅनेजरमध्ये बांधणी

रीलखालच्या ‘बूस्ट’ बटणापेक्षा कॉम्प्युटरवर अॅड्स मॅनेजर उघडा, नियंत्रण जास्त मिळतं.

कॅम्पेनचं उद्दिष्ट ‘सेल्स’ निवडा. आंबा विकायचा आहे तर ‘एंगेजमेंट’ निवडून लाइक गोळा करू नका. मेटा तुम्ही मागाल तेच आणून देतं: लाइक मागाल तर लाइक देणारे, खरेदी मागाल तर खरेदी करणारे.

अॅड सेटमध्ये (कॅम्पेनमधला, कोणाला आणि किती खर्चात दाखवायचं हे ठरवणारा टप्पा) ठिकाण म्हणून मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक हेच टाका. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडायचा मोह होतो, तो टाळा. ती निवड लोकांच्या अॅपच्या भाषेवर चालते, आणि घरात मराठी बोलणाऱ्या असंख्य लोकांचा फोन इंग्रजीत असतो. रील मराठीत आहे, ती ज्याला कळते तोच थांबतो, गाळणी तिथेच लागते. वय १८च्या वर. आवडीनिवडींचे पंधरा कप्पे जोडत बसू नका. गेल्या हंगामातल्या ग्राहकांची यादी असेल तर ती या अॅड सेटमधून वगळा, कारण त्यांना तुमच्या एका व्हॉट्सअॅप मेसेजवर पेटी विकता येते.

अॅडच्या पातळीवर ‘पार्टनरशिप अॅड’ चालू करा, क्रिएटरचं नाव निवडा आणि ‘आधीची पोस्ट वापरा’मधून रील घ्या किंवा कोड भरा. बटण आणि वेबसाइटची लिंक द्या. लिंक थेट त्या पेटीच्या पानाची हवी, होमपेजची नाही. खाली यूआरएल पॅरामीटरच्या रकान्यात यूटीएम (लिंकला जोडायची खूण, जिच्यावरून ऑर्डर कुठून आली ते कळतं) भरा, त्यात क्रिएटरचं नाव आणि ‘पेड’ हा शब्द असू द्या. सवलतीचा कूपन कोड दिला असेल तर तो रीलमध्येच बोललेला असतो, त्यामुळे फॉलोअर आणि जाहिरात पाहणारा दोघंही तोच वापरतात. ऑर्डर कुठून आली हे वेगळं करायला यूटीएमशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

६. पैशांचा हिशेब, रुपयांत

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे भरून बघा. डझनाची पेटी १,२०० रुपयांना. माल, पेटी, कुरिअर आणि खराब निघालेल्या फळांची भरपाई जाऊन ३०० उरतात. एका ऑर्डरमागे जाहिरातीवर १५० पेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं ठरवलं.

मेटाच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १५०चे १७७ होतात. इथे आंबेवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. ताज्या फळावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त ताजा आंबा विकणाऱ्याला जाहिरातीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेणं) मिळत नाही. तो पूर्ण खर्चच धरायचा. आमरसाचे डबे किंवा तसा दुसरा करपात्र माल विकणाऱ्यानं मात्र बिलिंग सेटिंगमध्ये आपला जीएसटी क्रमांक जरूर भरावा, नाहीतर क्रेडिट हातचं जातं.

चार आठवड्यांत ४०० पेट्या विकायच्या तर जाहिरात ६०,००० रुपये, त्यावर जीएसटी १०,८००. क्रिएटरचं मानधन समजा २०,०००. एकूण ९०,८००. पेटीमागे २२७. उरले ७३. हे गणित आधी कागदावर मांडलं नाही तर ‘भरपूर ऑर्डरी आल्या’ म्हणत तोटा होतो.

दुसरा आकडा ५०चा. अॅड सेटला ‘लर्निंग फेज’मधून, म्हणजे योग्य लोक शोधायला शिकण्याच्या टप्प्यातून, बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० निकाल (इथे ऑर्डरी) लागतात. आपल्या उदाहरणात ५० गुणिले १५०, म्हणजे आठवड्याला किमान ७,५०० रुपये एकाच अॅड सेटमध्ये. ४०० पेट्यांसाठी आठवड्याला १५,०००, दिवसाला सुमारे २,१५०. म्हणून सुरुवातीला अॅड सेट एकच ठेवा. तीच रक्कम शहरागणिक चार अॅड सेटमध्ये वाटली तर एकही शिकून बाहेर पडत नाही. दर दिवशी बजेट, ठिकाण, व्हिडिओ बदलत राहिलात तरी शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आठवड्याला ५० ऑर्डरी अशक्य वाटत असतील तर ‘खरेदी’ऐवजी ‘कार्टमध्ये टाकलं’ या टप्प्यावर जाहिरात चालवा.

आणि पैसे भरण्याची पद्धत. कार्डावरून आपोआप होणारी १५,००० रुपयांच्या वरची वसुली रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दरवेळी तुमची मंजुरी मागते. ती चुकली की ऐन शनिवारी संध्याकाळी जाहिरात थांबते. यूपीआयनं आगाऊ रक्कम भरून ठेवणं निश्चिंतीचं.

मानधनावरचा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर): कंपनी किंवा भागीदारी संस्था असाल तर व्यावसायिक फीवर साधारणतः १० टक्के, वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर. स्वतःच्या नावानं धंदा करत असाल आणि आधीच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर कपात करावी लागत नाही. फुकट दिलेला माल क्रिएटरनं ठेवून घेतला आणि त्याची किंमत वर्षात २०,०००च्या वर गेली तर त्यावरही १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून आहे. आंब्याच्या पेटीला हे लागू व्हायची शक्यता नाही, पण फोन, दागिना किंवा पैठणी देणाऱ्यांना होते. माल परत घेतला तर तो लाभ धरत नाहीत. २०२५चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे कलमांचे आकडे बदलतात, म्हणून करारात कलम लिहिण्याआधी सीएला विचारा.

७. चालू असताना काय बघायचं

पहिले तीन-चार दिवस हात लावू नका. फक्त दोन गोष्टी रोज: लिंक उघडते का आणि कमेंट.

कमेंट हा भाग बहुतेकजण विसरतात. जाहिरात क्रिएटरच्या पोस्टवर चालते, म्हणून अनोळखी लोकांच्या कमेंटही तिच्याच पोस्टखाली येतात. ‘पेटी किती दिवसांत येते?’ याचं उत्तर तुम्ही तुमच्या खात्यावरून द्या, शक्य तितक्या लवकर. शिवीगाळ लपवायचं काम क्रिएटरचं. ‘माझ्या पेटीत चार फळं खराब निघाली’ ही तक्रार कोणीही काढायची नाही, तुम्ही तिथेच उत्तर देऊन भरपाई द्यायची. हे आधी ठरवलं नाही तर तुमच्या कुरिअरच्या चुकीचा राग लोक तिच्यावर काढतात.

मेटा दाखवतं त्या विक्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मूळ सेटिंगमध्ये क्लिकनंतर ७ दिवसांत आणि नुसतं पाहिल्यावर १ दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या नावे जमा होते. जुना ग्राहक रील पाहून मग थेट वेबसाइटवर आला तरी तीही त्यात मोजली जाते. रोज रात्री तुमच्या ऑर्डरवहीतल्या यूटीएम असलेल्या ऑर्डरी शेजारी लिहा. दोन आकड्यांमध्ये फरक असणारच, तो अचानक वाढला तर मात्र कारण शोधा.

क्रिएटरच्या नावानं चालवण्याचा खरंच फायदा होतो का, हेही तपासता येतं. मूळ फाइल तुमच्याकडे असेल तर तोच व्हिडिओ एकदा पार्टनरशिप अॅड म्हणून आणि एकदा फक्त तुमच्या नावानं, मेटाच्या ए-बी टेस्टमधून, सारख्या रकमेत सात दिवस चालवा. टेस्टमधून चालवल्यानं एकाच माणसाला दोन्ही दिसत नाहीत. निकाल लाइकवर नाही, एका ऑर्डरच्या खर्चावर ठरवा. त्यासाठी तुमच्या नावानं तिचा चेहरा वापरण्याची मुभा करारात लागते, हे विसरू नका.

८. इन्स्टाग्रामबाहेर

यूट्यूबवर ब्रँड गूगल अॅड्समधून व्हिडिओ जोडण्याची विनंती पाठवतो, क्रिएटर ती यूट्यूब स्टुडिओत मंजूर करते. मग त्या व्हिडिओवर जाहिरात चालवता येते आणि तो पाहिलेल्यांची यादीही बनवता येते. व्हिडिओच्या तपशिलात ‘सशुल्क प्रमोशन’ची खूण करायला सांगा.

टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. पण आखातात, ब्रिटन-अमेरिकेत मराठी लोकांना माल विकणाऱ्यांसाठी तिथे पार्टनरशिप अॅडसारखीच ‘स्पार्क अॅड’ आहे. क्रिएटर ७, ३०, ६० किंवा ३६५ दिवसांचा कोड देते. त्यामुळे मुदत करारात आणि कोडमध्ये एकच आहे ना, एवढं बघा.

९. बंद करताना

शेवटची पेटी कधी निघणार त्याच्या दोन-तीन दिवस आधी जाहिरात थांबवा. बजेट उरलं म्हणून चालू ठेवू नका, न पोचणाऱ्या मालाची ऑर्डर परत करणं जास्त महाग पडतं. ज्या दिवशी करार संपतो त्या दिवशी तुम्ही जाहिरात बंद करा आणि क्रिएटरनं तिच्या बाजूनं कोड किंवा परवानगी काढून टाकावी. एकूण खर्च, किती लोकांनी पाहिली, किती ऑर्डरी आल्या याचा स्क्रीनशॉट तिला पाठवा. हे आकडे तिला तिच्या खात्यावर पूर्ण दिसत नाहीत, आणि पुढचा दर ठरवताना दोघांनाही लागतात. करार, मंजूर केलेला प्रिव्ह्यू आणि मेटाची बिलं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. रील तिच्या प्रोफाइलवर राहणार असेल तर कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘यंदाचा हंगाम संपला’ एवढं लिहून घ्या, म्हणजे ऑगस्टमध्ये कोणी पेटी मागणार नाही.